राजा मेल्यावर शेरीफने नेलेली गाय

आमचे हे शेरीफ झाले ते एका गुडघ्यामुळे.

हे हाडांचे डॉक्टर. मँचेस्टरच्या आसपासच्या हॉस्पिटलांत ह्यांनी आयुष्यभर लोकांचे गुडघे बदलले, आणि मी भूलतज्ज्ञ असल्यामुळे त्यांतल्या बऱ्याच लोकांना मी झोपवलं. मग आम्ही दोघं पाठोपाठ रिटायर झालो. मला रिटायरमेंट मानवली, ह्यांना नाही. सकाळी दाढी करून, शर्ट इन करून हे नऊच्या आत तयार व्हायचे आणि मग घरभर राउंड घेत फिरायचे. किचनमधले डबे एकदा उंचीप्रमाणे लावून ठेवले. हिंगाची डबी सगळ्यांत बुटकी, म्हणून ती टोकाला गेली आणि मी आठवडाभर आमटीला हिंगाशिवाय फोडणी घातली. मग ह्यांनी गॅरेजकडे मोर्चा वळवला. गॅरेज ह्यांना ऑपरेशन थिएटरसारखं करायचं होतं.

मी आपली लायब्ररीत पळाले. गावातल्या लायब्ररीच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी इतिहासाचा क्लास भरतो. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरीच्या, हाताशी चाकांची शॉपिंग बॅग. त्या बॅगेत पुस्तकं, बिस्किटं आणि एक छत्री. शिकणारे आम्ही दहा-बारा जण, सगळे पेन्शनर. राणी गेल्या त्याच महिन्यात तो क्लास सुरू झाला, म्हणून बाईंनी पहिल्या दिवशी तिथूनच सुरुवात केली.

"राणी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टं उघडली होती का?" त्यांनी विचारलं.

"उघडली होती," मागून कुणीतरी म्हणालं. "माझ्या भाच्याची स्पीडिंगची केस होती. त्याला वाटलं होतं, सुटलो."

सगळे हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "काही शतकं आधी जन्मला असता तर कदाचित सुटलाही असता."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझा चहा गार झाला. त्या काळी म्हणे चोरी केली, मारामारी केली, म्हणजे ‘राजाची शांतता’ मोडली असं मानायचे. शांतता राजाच्या मालकीची. म्हणून राजा मेला की त्याची शांततापण त्याच्याबरोबर मेली. नवा राजा गादीवर बसेपर्यंत मधल्या दिवसांत कुणी कुणाची मेंढरं हाकून नेली तर शांतता नक्की कुणाची मोडली? राजाच नाही, तर कुणाचीच नाही. न्यायाधीश जुन्या राजाने नेमलेले, त्यांची नेमणूक संपली. कोर्टातले दावे जुन्या राजाच्या नावाने निघालेल्या हुकमांवर चालायचे, तेही बसले. ज्याचा दावा निम्म्यावर आला होता त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. पेशंट झोपलाय आणि अजून जागा झालेला नाही, अशा मधल्या वेळेत शरीराचा कारभार चालू ठेवायचा, हेच तर मी जन्मभर करत आले. तसं मी क्लासमध्ये बोलून दाखवलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी मला दोन बिस्किटं दिली.

पुढच्या वर्षी लायब्ररीच्या ओपन डेला आमच्या क्लासने काहीतरी करून दाखवावं असं ठरलं. बाईंनी एक प्रसंग निवडला. पन्नासच्या वर वर्षं राज्य केलेला एक म्हातारा राजा वारला. मुलगा धर्मयुद्धावर, समुद्रापलीकडे. या वेळी सरदार शहाणे निघाले. म्हाताऱ्याला पुरल्याबरोबर त्यांनी गैरहजर मुलाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली, त्याची शांतता लागू झाली असं जाहीर केलं, जुना शिक्का मोडून नवा करून घेतला आणि कारभार पुढे चालवला. मुलाला परत यायला दोन वर्षं लागली. आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर जिल्ह्याजिल्ह्यात माणसं पाठवली आणि लोकांना विचारलं, ‘मी नसताना आणि त्याच्याही आधी माझ्या अधिकाऱ्यांनी तुम्हाला कसं कसं लुबाडलं?’ लोकांनी इतकं सांगितलं म्हणे, की लिहून घेणाऱ्यांच्या नाकी नऊ आले.

ती चौकशी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये भरवणार होतो. राजाचा न्यायाधीश म्हणून एक निवृत्त डेंटिस्ट. उंच, गोरेपान, आवाज मऊ. त्यांची एक सवय होती. प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहायचं. समोरच्याचं तोंड उघडं आणि उत्तर येणं अशक्य, अशाच परिस्थितीत त्यांचं आयुष्य गेलेलं. मला एका विधवा शेतकरणीची भूमिका मिळाली. दोनच वाक्यं: ‘माय लॉर्ड, शेरीफने माझी गाय नेली. मला न्याय पाहिजे.’

शेरीफ म्हटलं की मला आधी नागपूरच्या टॉकीजमधले घोड्यावरचे शेरीफ आठवायचे. इथला शेरीफ तसा नव्हता. कलेक्टर, फौजदार आणि मामलेदार असे तिघं एकाच अंगरख्यात कोंबले की जो तयार होईल, तो. राजाच्या वतीने वसुली करायची, चोर पकडायचे, कोर्ट भरवायचं, आणि जमेल तसं स्वतःचं बघायचं. हे काम एका रिटायर्ड बस इन्स्पेक्टरकडे होतं आणि तो ते फार छान करायचा. पण तालमीला येताना लायब्ररीच्या जिन्यात त्याचा पाय मुरगळला आणि गुडघा सुजला. मी घाबरून ह्यांना फोन केला. हे दहा मिनिटांत हजर! कित्येक महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर असं तेज दिसलं. इतिहासाच्या टेबलावर इन्स्पेक्टरला आडवं करून ह्यांनी गुडघा दाबला, वाकवला आणि निर्णय दिला, "काही आठवडे उभं राहायचं नाही."

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही आमचा शेरीफ काढून घेतलात. आता दुसरा द्या."

हे उभे होतेच.

घरी आल्यावर ह्यांनी स्क्रिप्ट वाचली आणि कपाळाला आठी घातली. "अगं, हा माणूस प्रत्येक आरोपाला नुसता मान खाली घालून उभा राहतो. ह्याची बाजू कुठंय?"

"त्याला बाजू नाही. तो लाचखाऊ आहे."

"हे कुणी ठरवलं? चौकशी व्हायच्या आधीच?"

तेव्हापासून हे लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणू लागले. गॅरेज आवरायचं आणि पुस्तक वाचायचं, असा दिवस ठरून गेला. जेवताना मला शेरीफच्या अडचणी ऐकाव्या लागायच्या. जुना राजा गेल्यावर वरून हुकूम नाही, नवा राजा कुठल्यातरी बेटावर आजारी, खालून लोक ओरडतायत, तरी वसुली चालूच ठेवायची. "शेवटी कुणीतरी निर्णय घ्यायलाच हवा ना?" हे म्हणायचे. घरात बेडरूमचा जुना मरून पडदा होता, त्याचा ह्यांनी अंगरखा शिवून घेतला. मुलगी ब्रॅकनेलला आयटीत आहे, तिने व्हिडिओ कॉलवर तो पाहिला आणि म्हणाली, "बाबा, तू एकदम रॉयल दिसते."

"दिसतोस," मी म्हटलं.

"तेच," ती म्हणाली.

कोर्टाच्या आदल्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये गेले. खरंच थिएटर झालं होतं. भिंतींना पांढरा रंग, हत्यारं ओळीने टांगलेली, फरशीवर खाऊ शकाल इतकी स्वच्छता. मी सहज कोपऱ्यात पाहिलं. तो रिकामा होता.

"अहो, पाटा कुठंय?"

"कोणता पाटा?"

"माझा पाटा. पाटा-वरवंटा!"

"अच्छा, तो दगड? तो गोल्फच्या बॅगेबरोबर चॅरिटी शॉपला दिला. कुणीच वापरत नव्हतं, अगं."

तो दगड माझ्या आईने नागपूरहून निघताना दिला होता. ‘परदेशात पाटा मिळेल न मिळेल,’ म्हणाली. कपड्यांत गुंडाळून आणलेला. विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उचलायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, ‘मॅडम, आत काय आहे?’ मी म्हटलं, ‘मिक्सर.’ त्याने उघडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जाऊ दिलं. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये पहिली काही वर्षं मी त्यावरच जवसाची चटणी वाटली. खालच्या मजल्यावरच्या रजिस्ट्रार डॉक्टरला वाटायचं की वर कुणीतरी फर्निचर सरकवतंय. मुलीच्या बारशाला तोच वरवंटा दुपट्यात गुंडाळून पाळण्याच्या वरून-खालून फिरवला. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणताना पाळण्यापलीकडे माझ्या वॉर्डातली एक आयरिश नर्स होती आणि तिने तो खरंच बाळासारखा छातीशी धरला.

हे खरं आहे की मी त्याला बऱ्याच वर्षांत हात लावला नव्हता. माझ्या गुडघ्यांनी खाली बसणं सोडलं होतं. म्हणूनच माझा राग जास्त वाढला. भांडायला माझ्याकडे मुद्दा नव्हता. 

लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकतात त्या चॅरिटी शॉपमध्ये मी गेले. काउंटरवरच्या बाईला लगेच आठवलं. "ओ, द लव्हली ब्लॅक स्टोन! पहिल्याच दिवशी गेला. कुणीतरी गृहस्थ होते. दोन जणांनी उचलून गाडीत ठेवला."

"कोण गृहस्थ?"

"मी त्या दिवशी नव्हते, डार्लिंग. मला नंतर नुसतं कळलं."

घरी येऊन मी अबोला धरला. कुकर लावला, चहा ठेवला, सगळं नेहमीसारखं, फक्त शब्द नाही. अडचण एवढीच होती की आमच्या तालमी चालू होत्या. घरात मुक्याने जेवायचं आणि लायब्ररीत जाऊन ह्यांच्याकडे बोट दाखवून ओरडायचं, ‘ह्या शेरीफने माझी गाय नेली!’ बाई खूष होत्या. "तुमच्या आवाजात आता खरा संताप येतोय," म्हणाल्या.

कोर्टाचा दिवस उजाडला. चर्चच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं जमली असतील. मागे चहाचं टेबल, पुढे स्टेज. लाल ड्रेसिंग गाउन घालून डेंटिस्ट न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले. मुलगी मुद्दाम ब्रॅकनेलहून ट्रेनने आली होती आणि पहिल्या रांगेत फोन उंच धरून बसली होती. बाईंनी प्रस्तावना केली. राजा मेला की काय काय मेलं, ते सांगितलं. मग तक्रारी सुरू झाल्या.

एक बेकर आला. शेरीफच्या माणसांनी पाव उचलून नेले, पैसे दिले नाहीत. मग एक बाई, तिचा नवरा खोट्या आरोपावर तुरुंगात टाकला आणि सोडायला लाच मागितली. स्क्रिप्टप्रमाणे शेरीफने मान खाली घालायची होती. ह्यांनी ती वर केली.

"माय लॉर्ड," ह्यांनी अंगरखा सावरला, "मला एक सांगा. जुन्या राजाचे हुकूम त्यांच्याबरोबर संपले. नव्या राजांचा हुकूम समुद्रात कुठेतरी होता. मधे हा जिल्हा कुणी सांभाळला? मी. त्या काळात इथं दंगा झाला? नाही. पूल पडला? नाही. माझ्या माणसांनी पाव खाल्ले असतील, पण उपाशी शिपाई चोर पकडत नाही!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘हिअर, हिअर’ ओरडलं. बाईंनी पटापट स्क्रिप्टची पानं उलटली. त्यात असलं काही नव्हतं. न्यायाधीशांनी प्रश्न विचारला आणि सवयीप्रमाणे स्वतःच पुढे बोलत राहिले, त्यामुळे ह्यांना विचार करायला आणखी वेळ मिळाला. दोन तक्रारदार तर ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणून खाली जाऊन बसले. चौकशी हातातून निसटायला लागली.

तेवढ्यात माझी पाळी आली. डोक्याला फडकं, हातात काठी. मी स्टेजवर गेले आणि माझी दोन वाक्यं म्हटली.

शेरीफने उत्तर दिलं, "ती गाय म्हातारी होती. दूध देत नव्हती."

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दूध देत नव्हती म्हणून विचारायचंही नाही?" मी म्हटलं. "गाय माझी होती. माझ्या आईने मला दिली होती."

"ती नुसती जागा अडवून उभी होती, माय लॉर्ड. कित्येक वर्षं. गॅरेजमध्ये."

हॉलमध्ये खसखस पिकली. न्यायाधीश पुढे झुकले. "गॅरेज?"

"गोठ्यात," हे म्हणाले.

"माय लॉर्ड," मी म्हटलं, "हा माणूस म्हणतो, वरून हुकूम नव्हता. पण मी तर घरातच होते! शेजारच्या खोलीत! ‘तुझी गाय देऊन टाकू का’ एवढं विचारायला राजा कशाला लागतो? राजा मेला असेल. मी मेले नव्हते."

बायकांच्या रांगांतून अशा टाळ्या आल्या की चहाच्या टेबलावरचे कप वाजले. पहिल्या रांगेतून मुलगी कुजबुजली, "ओ माय गॉड, आई, हे पाटा आहे का?" ह्यांचा चेहरा उतरला. हे एकदम मराठीत म्हणाले, "अगं, मला खरंच वाटलं नव्हतं तुला इतकं लागेल."

"न्यायालयाच्या भाषेत बोला," न्यायाधीश म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, गायीचं वर्णन करा. म्हणजे शोधता येईल."

मीही आता थांबणार नव्हते. "काळी, माय लॉर्ड. पाठीने सपाट. फार जड, एका माणसाला हलत नाही. आणि तिचं एक वासरू होतं, लांबट गोल, दोन हातांत मावेल एवढं. तेही नेलं."

लोक हसत होते. न्यायाधीश हसत नव्हते. गोऱ्या चेहऱ्यावर हळूहळू त्यांच्या गाउनचा रंग चढत होता.

"ह्या गायीच्या पाठीवर," त्यांनी घसा साफ केला, "बारीक बारीक खड्डे होते का? ओळीने?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाट्याला टाकी लावतात, छिन्नीने टोचे मारून त्याचा पृष्ठभाग खरखरीत करतात, हे ह्या माणसाला कसं ठाऊक असणार? आणि या वेळी त्यांनी पहिल्यांदाच उत्तराची वाट पाहिली.

"होते," मी म्हटलं.

"मी विकत घेताना पत्नीला म्हटलं होतं," ते अगदी हळू म्हणाले, "ज्याने कुणी हे ड्रिलिंग केलंय, त्याचा हात फार चांगला आहे." मग ताठ बसून त्यांनी हातोडा आपटला. "लेडीज अँड जेंटलमेन, राजाचं कोर्ट चहासाठी तहकूब करण्यात येत आहे. चोरीची गाय न्यायाधीशांकडे आहे."

नंतरचा अर्धा तास चहाच्या टेबलापाशी नुसता गोंधळ होता. ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्यांना मुलगी फोनवरचे बारशाचे जुने फोटो दाखवत होती. बेकर, म्हणजे बेकरची भूमिका करणारे आजोबा, मला विचारत होते, गाय खरी का नाही. बाईंनी मला मिठी मारली. "स्क्रिप्टची वाट लावलीत तुम्ही दोघांनी," त्या म्हणाल्या. "पण त्या चौकशीत खरोखर असंच झालं असणार. लोकांच्या मनातलं भलतंच बाहेर पडलं असणार."

डेंटिस्ट माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हातात चहाबरोबरचा अर्धा खाल्लेला स्कोन. पाटा त्यांनी बागेत ठेवला होता. वरच्या बाजूला जरासा खोलगट, त्यात पावसाचं पाणी साठतं, म्हणून पक्ष्यांच्या आंघोळीसाठी. वरवंटा मागच्या दाराला टेकू म्हणून.

"उद्याच घेऊन जा," ते म्हणाले.

"नको हो," मी म्हटलं. "पक्षी येतात ना? राहू दे. मी तरी कुठे वापरते."

हे खोटं नव्हतं. स्टेजवर सगळं बोलून झाल्यावर माझा राग कुठेतरी निघून गेला होता, आणि पाट्याविषयी नुसतं एक हलकं वाईट वाटणं उरलं होतं. पक्ष्यांसाठी म्हटल्यावर तेही निवलं. घरी जाताना मी ह्यांच्याशी बोलले. "पडदा धुवायला टाका," एवढंच, पण बोलले.

मंगळवारी हे माझ्याबरोबर क्लासला आले. म्हणाले, शेरीफचं पुढे काय झालं ते ऐकायचंय. बाईंनी सांगितलं. इतकी मोठी चौकशी झाली, इतक्या तक्रारी लिहिल्या गेल्या, नवे कायदेही झाले, पण जुन्या अधिकाऱ्यांतल्या फार थोड्यांना खरी शिक्षा झाली. नव्या राजाला कारभार चालवायचा होता आणि कारभार कसा चालवायचा हे त्याच मंडळींना माहीत होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ‘बघ, मी म्हणत होतो’ असं काहीतरी येईल अशी माझी खात्री होती. पण हे वहीच्या मागच्या पानावर काहीतरी रेघोट्या ओढत राहिले. क्लास सुटल्यावर सरळ डेंटिस्टकडे गेले आणि म्हणाले, "शनिवारी सकाळी येऊ का? गाय न्यायला."

"पण तुमच्या मिसेस तर नको म्हणाल्या."

"त्या नको म्हणाल्या," हे म्हणाले. "तेव्हाही मी त्यांना विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही. पण ह्या वेळी आणतोय."

शनिवारी हे दोघं म्हातारे पाटा व्हीलबॅरोत घालून आमच्या रस्त्याने आले. मी खिडकीतून बघत होते. एक पुढून ओढतोय, एक मागून ढकलतोय, दोघांचंही दिशेवर एकमत नाही. पोस्टमन थांबून बघायला लागला. आमच्या गेटपाशी चाक अडकलं तेव्हा ह्यांनी वाकून उचलायचा प्रयत्न केला. मी दार उघडून ओरडले, "पाठीतून नाही! गुडघ्यात वाका!" जन्मभर पेशंटना हेच सांगणाऱ्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दार लावून घेतलं.

पक्ष्यांसाठी मी डेंटिस्टना आमची जुनी स्टीलची परात दिली. चकाकते म्हणून सुरुवातीला पक्षी घाबरले, असं ते नंतर म्हणाले, पण आता रॉबिन येतो.

पाटा दोनदा गरम पाण्याने धुतला, ब्रशने घासला. टाकीच्या खड्ड्यांतून शेवाळ निघालं. किचनच्या फरशीवर ह्यांनी तो मांडला, आणि मी वाकून पाहते तर हे स्वतःच त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"हे काय?"

"तुला खाली बसता येत नाही. तू सांग, मी वाटतो."

मी खुर्ची ओढून बसले. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून दिल्या, लसूण, मीठ, थोडे शेंगदाणे. ह्यांनी आधी वरवंटा गोल फिरवला, मग मी ओरडल्यावर पुढे-मागे. बोटं ठेचून घेतली. मिरचीचा हात डोळ्याला लावला आणि नळाखाली डोकं धरायला उठू गेले, तर उठता येईना. मीच ओलं फडकं नेऊन दिलं. आईच्या घरी पाट्यावर ठेचा वाटला की जो वास घरभर सुटायचा, तो आमच्या किचनमध्ये इतक्या वर्षांनी सुटला आणि स्मोक अलार्म वाजायला लागला.

डेंटिस्टना जेवायला थांबवून घेतलं होतं. ज्वारीची भाकरी, तिच्यावर ठेचा, वर कच्चं तेल. मी सांगितलं, आधी जिभेच्या टोकाने चाखून बघा. त्यांनी ऐकलं नाही, सरळ घास घेतला. आधी त्यांचे कान लाल झाले. मग त्यांचे डोळे भरले, नाक वाहू लागलं, तोंड उघडं राहिलं. मी दह्याची वाटी पुढे सरकवत विचारलं, "कसं झालंय?" त्यांनी हाताने खूण केली की आत्ता बोलता येत नाही.

"तोंड उघडंच ठेवा," हे फरशीवरून म्हणाले, "आणि नाकाने श्वास घ्या."